सातच्या तिन्ही बातम्या

३ मार्च, मंगळवार

ही मापांची वही. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून मी. कंबर, बाही, उंची वाचायला या घरात कोणी वही उघडत नाही, म्हणून ही जागा बरी.

आज नवा सेट-टॉप बॉक्स आला. ह्यांनी मागवला. जानेवारीअखेर निवृत्त झाल्यापासून ह्यांनी तोंडाने मागितलेली ही पहिलीच वस्तू, त्यामुळे मी नाही म्हटलं नाही. फेब्रुवारीत तर खाणंसुद्धा मागत नव्हते. ती दुसऱ्या गावची प्रेक्षकांची गॅलरी कोसळली, तिथल्या तपासनिसाला तोंडावर फडकं टाकून पोलिसांच्या गाडीत घालताना दाखवलं, त्या दिवसापासून ताटावर नुसते बसायचे.

बॉक्स जोडायला आलेला माणूस पन्नाशीचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलका. म्हणाला, "काका, हा एका वेळी तीन कार्यक्रम भरून ठेवतो. तुम्ही खुशाल फिरायला जा."

ह्यांनी विचारलं, "तिन्ही एकाच वेळेला सुरू होणारे चालतील?"

"चालतील की. त्यासाठीच तर आहे."

"आणि तेवढ्यात वीज गेली तर?"

"मग नाही होणार, काका. तो काय देव आहे?"

मी हसले. हे हसले नाहीत. रोज सातच्या, गावच्या बातम्या, तिन्ही चॅनलवरच्या, एकदम रेकॉर्ड होतील असं त्याच्याकडून लावून घेतलं. तीन भरत असले की चौथं काही लागत नाही. माझी मालिका सातलाच असते. म्हटलं, "अहो, एकच बातमी तीन तोंडांनी ऐकून करायचंय काय?"

"एक सांगतो, दुसरा सांगत नाही," म्हणाले.

९ मार्च, सोमवार

गंमत अशी की हे स्वतः त्या बघतच नाहीत. सात वाजले की बॉक्सवर तीन लाल ठिपके पेटतात आणि हे गॅलरीत जाऊन उभे राहतात. बघायचं मी. सकाळी मशीनवर बसले की तिन्ही ओळीने लावते. तेच पुढारी तीनदा, तोच पाणीप्रश्न तीनदा. एखाद्याला वाटेल बाईला बातम्यांचं वेड लागलं.

मग दारात येऊन विचारतात, "काही विशेष?"

"नाही."

"पडझड वगैरे?"

"नाही हो."

त्यानंतर चहा घेतात. उत्तर दिल्याशिवाय कप हातात धरत नाहीत.

अडतीस वर्षं पुलांच्या खात्यात काढली यांनी. पुलावर जायचं, खाली उतरायचं, हातोडीने ठोकून बघायचं, अहवाल लिहायचा. नाकासमोर चालणारा माणूस. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, यांचा एकही अहवाल एक दिवसही उशिरा आला नाही. शेवटच्या दोन वर्षांत गुडघे कामातून गेले होते, तरीसुद्धा. खाली पडलेला चमचा उचलता यायचा नाही. मी दार लावून शेक द्यायचे आणि कचेरीत कोणाला कळू द्यायचं नाही, नाहीतर फायली लावायला खुर्चीत बसवतील, असा ह्यांचा धोशा. माणसाला खुर्चीचं एवढं भय मी दुसरीकडे पाहिलं नाही.

१४ मार्च, शनिवार

आधी वाटलं, बातम्या सांगणारी एखादी आवडली असेल. लेकीला तसं सांगितलं तर ती पोट धरून हसली. लेक म्हणजे खारू. लहानपणी सतत काहीतरी कुरतडायची म्हणून खारूताई, तिची खारू झाली. आता सत्तावीस वर्षांची आहे. रेल्वे यार्डाच्या पलीकडे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. रोज यार्डावरच्या पादचारी पुलावरून जाते, येते.

तिला हे आज म्हणाले, "सोमवारपासून बसने जात जा. फाटकावरून."

"बाबा, पुलावरून सात मिनिटं लागतात. बसने पन्नास."

"पन्नास तर पन्नास."

"का पण?"

"मी सांगतोय म्हणून!"

केवढ्याने ओरडले! काचेचा पेला हातात होता, तो माझ्याच हातून सुटला. या माणसाने उभ्या जन्मात आवाज चढवला नव्हता. खारू चपला घालून गेली. पुलावरूनच गेली असणार. माझीच मुलगी आहे.

मला भीती वाटली. ह्यांची नाही. ह्यांना कशाचीतरी वाटते आहे, त्याची.

२० मार्च, शुक्रवार

मनात पाल चुकचुकत होती म्हणून आज ह्यांच्या मागोमाग गेले. रोज सकाळी खारू निघाली की पाच मिनिटांनी "फिरून येतो" म्हणून निघतात. या गुडघ्यांनी कसलं फिरणं?

पुलाच्या जिन्याशी जाऊन उभे राहिले. खारू पलीकडे उतरेपर्यंत हलले नाहीत. खालून मालगाडी गेली तेव्हा कठडा दोन्ही हातांनी धरला. माणसांकडे बघतच नव्हते, कधी वर, कधी पुलाच्या पोटाकडे. डोळ्यांतलं पाणी लपवत असावेत.

आता कळलं. पोरीच्या मागे कोणीतरी लागलं आहे. ह्यांना ठाऊक आहे आणि मला घाबरवायचं नाही म्हणून बोलत नाहीत. बातम्यांत रोज बघतोच आपण, काय काय होतं ते. जिन्याजवळ टोपीवाला एक माणूस उभा होता, त्याचा चेहरा नीट लक्षात ठेवला आहे. उंची साडेपाच फूट, खांदे अठरा इंच, उजवा खांदा उतरलेला.

२८ मार्च, शनिवार

काल सातला वीज गेली, वीस मिनिटं. हे तडक उठले. शर्टाची बटणं उलटसुलट लावून खालच्या मजल्यावर गेले. खालच्या वहिनी सांगत होत्या, दारात उभे राहून विचारलं म्हणे, "कुठे काही पडल्याचं कानावर आलं का?" वहिनींच्या नजरेत मला कीव दिसली. ती रागापेक्षा वाईट.

आज बॉक्सने पाटी दाखवली, जागा संपत आली, ब्याण्णव टक्के भरलं. मी म्हटलं जुनं पुसून टाकू, आणि बटण दाबायला गेले. ह्यांनी रिमोट असा हिसकला की माझं नख अर्ध्यात तुटलं. रक्त बघून हेच कापूस घेऊन आले. पट्टी बांधताना म्हणाले, "मी नीट बघतो, मग पुसतो. तू नको पुसूस."

दुपारी दाब तपासायचा म्हणून डॉक्टरकडे नेलं आणि आत मीच बोलले. डॉक्टर म्हणाले, निवृत्तीनंतर पुष्कळांचं असं होतं, मन रिकामं राहतं, रोज चालायला जात जा. मी म्हटलं, तेच तर करतात.

डोक्यावर परिणाम झाला असेल का? 

३ एप्रिल, शुक्रवार

हे केस कापायला गेले तेवढ्यात सगळं उघडून बघितलं. सत्तरच्या वर बातमीपत्रं. बहुतेक पुसायला ठेवलेली. पाचांवर 'कायम ठेवा' अशी खूण.

ती पाचही बघितली. एका शाळेची भिंत पडली ती. कारखान्याची शेड खचली ती. जाहिरातीचा फलक कोसळला, दोन वेळा. पाचवीत पडझड काहीच नाही. गाड्यांचं नवं वेळापत्रक लागलं म्हणून एक मुलगी आपल्या यार्डाच्या पुलाखाली उभी राहून बोलते आहे. ह्यांनी मध्येच थांबवलेली होती, तिथूनच पुढे सुरू झाली. मी परत मागे नेली, थांबवली, अगदी जवळ जाऊन बघितलं.

मुलगी बाजूला आहे. मधोमध पुलाचा लोखंडी खांब, त्याच्या पायाशी गुडघ्याएवढं काँक्रीट, आणि काँक्रीटच्या भेगेतून उतरलेला तांबूस डाग. कापडावर असता तर लिंबू-मीठ चोळून काढला असता.

मागे जिन्यावरची गर्दी आहे. त्यात टोपीवाला सापडतो का बघितलं. खारू आहे का बघितलं. दोघंही नव्हते. मग ह्यांना यात काय दिसतं?

१६ एप्रिल, गुरुवार

शिवण तशीच टाकून लिहिते. कोणाला तरी सांगायला हवं आणि सांगण्यासारखं माणूस नाही.

येत्या रविवारी यार्डाच्या पलीकडच्या मैदानावर अंतिम सामना आहे. सगळं गाव पिसाळलंय. दुपारी मी एका शर्टाची बाही उसवत होते. हे बुटक्या स्टुलावर बसून बॉक्सवर काहीतरी लावत होते. बघितलं, तर रविवार, चार ते आठ, तिन्ही चॅनल.

म्हटलं, "सामना एकाच चॅनलवर आहे. तीन कशाला?"

"सामना नाही. बातम्या."

"रविवारी चार वाजता कुठल्या आल्या बातम्या?"

"झालं काही तर दाखवतीलच."

माझी कात्री थांबली. "काय झालं तर?"

ह्यांनी रविवारच्या खुणा परत एकदा तपासल्या. मग रिमोटकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी पुलावरून वीस हजार माणसं जाणार. सामना सुटल्यावर सगळी एकदम."

"मग?"

"शेवटची दोन वर्षं मी खाली उतरलोच नाही. खाली रुळांत उतरायला शिडी आहे, मग बाराही खांबांच्या पायाशी गुडघे टेकून रांगायचं. मला शिडीवर पाय वाकवता येईना. वरून चालत गेलो आणि आलो. आदल्या वर्षीचा अहवाल उतरवून काढला आणि सही केली."

"त्याच्या आधी उतरला होतात ना? तेव्हा चांगला होता ना पूल?"

"तेव्हाच डाग होता. चौथ्या खांबाला. मीच लिहिलं होतं, पुढल्या तपासणीत काँक्रीट फोडून बघावं." मग म्हणाले, "पुढल्या तपासणीला मीच होतो."

म्हटलं, "पडेल का तो?"

"माहीत नाही गं. बघितलंच नाही तर माहीत कुठून असणार? कदाचित पन्नास वर्षं उभा राहील."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी आपली पोरीच्या मागचा टोपीवाला शोधत बसले होते. आणि हे कुठून आलं ते मला माहीत नाही म्हणायला तोंड आहे का मला? दार लावून शेक कोण देत होतं? साहेबांचा फोन आला तेव्हा "पाय मुरगळलाय हो, होईल चार दिवसांत बरा" असं कोण म्हणालं होतं?

कोणी वाचणार नाही म्हणून खरं ते लिहिते. हे सगळं ऐकल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "रविवारी खारूला घरी ठेवू."

ह्यांनी मान हलवली. दोघांनाही तेवढं पुरलं.

१७ एप्रिल, शुक्रवार

सकाळी खारूला डबा भरून दिला. बसने जा म्हणायचं होतं. का म्हणून विचारलं असतं. का ते सांगितलं असतं तर ती सरळ पुलाच्या कचेरीत जाऊन उभी राहिली असती, ओळखते मी तिला. मग ह्यांच्या तोंडावर फडकं आणि खालच्या वहिनी जिन्यात. झाकली मूठ आहे तोवर ठीक. म्हणून नुसतं म्हटलं, "जपून जा."

ती गेली आणि मी गच्चीवर गेले. तिथून पुलाचा वरचा भाग दिसतो. हे आधीच तिथे होते. एकमेकांकडे बघितलं नाही. तिची पिवळी ओढणी जिन्यावर दिसली, मग पुलावर, मग मधोमध. खालून गाडी गेली. मी डोळे मिटले. माझी मुलगी मधोमध असताना मी डोळे मिटून घेतले.

दुकानात फोन केला. "पोचलीस?"

"आई, रोज पोचते. तुम्हा दोघांना झालंय काय?"

दुपारी एक बाई आली. तिच्या चार वर्षांच्या मुलीला संघाचा शर्ट हवा होता, मोठ्यांचा घेतला होता, तो आखूड करून. पोरगी स्टुलावर उभी राहिली. माप घेताना तिला गुदगुल्या व्हायच्या, ती हसली की टेप हलायचा. बाई म्हणाली, "गाडी लावायला जागा नसते तिकडे, आम्ही आपले पुलावरूनच. हिचे बाबा खांद्यावर घेतील हिला, म्हणजे चेंगरायची नाही."

मी "हो का" म्हटलं. शर्टाचा खालचा घेर दुमडला, शिवला, दोरा दाताने तोडला, घडी करून हातात दिला. बाई म्हणाली, "किती सफाई आहे हो हाताला!"

ती गेल्यावर मशीनवर बसवेना. सगळ्या खांद्यांची मापं डोळ्यांपुढे येत होती.

१८ एप्रिल, शनिवार

सकाळी ह्यांना म्हटलं, "उठा. शर्ट घाला."

"कुठे?"

"तुमच्या जागी आलेल्या बाईंकडे."

"आज कचेरी बंद असते. सोमवारी जाऊ."

"सोमवारी? रविवारच्या बातम्या बघून झाल्यावर?"

मी असं कधी बोलले नव्हते. ह्यांचा चेहरा चुरगळला. उठले, शर्ट घातला. मी बटणं लावली.

नव्या तपासनीस बाई दोन गल्ल्या सोडून राहतात. नुकत्याच न्हाऊन आल्या होत्या, डोक्याला टॉवेल. "सर! या ना, या. चहा टाकते."

हे बसले नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून उभे. मला वाटलं शेवटी मलाच बोलावं लागतंय. पण बोलले.

"यार्डाच्या पुलाखाली मी उतरलो नव्हतो."

"कधी, सर?"

"दोन्ही वर्षं."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे थिजलं. पातेलं गॅसवर होतं, ते खाली उतरवलं. मग एवढंच म्हणाल्या, "सर, मी तुमचेच अहवाल पुढ्यात ठेवून काम शिकतेय."

कपाटातून टॉर्च काढला, हातोडी काढली. ओले केस तसेच बांधले.

पुलावर ह्या वेळीसुद्धा माणसांची ये-जा होती. कोणी झेंडे नेत होतं. बाई शिडीने खाली गेल्या. आम्ही वर कठड्याशी. हातोडीचा आवाज येत होता. टण. टण. हे ओठांनी मोजत होते. एक खांब झाला, दोन झाले. तिसऱ्यालाही टण. मग रांगल्याचा आवाज, मग काही वेळ काहीच नाही.

मग थप. ओल्या मातीत काठी मारावी तसा.

ह्यांनी डोळे मिटून घेतले. खाली परत थप, थप, आणि काहीतरी सुटून रुळांवर पडलं.

बाई वर आल्या तेव्हा कोपरापर्यंत हात तांबडे झाले होते.  फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने जिन्यावरच्या माणसांना मागे हटवायला लागल्या. "चला, मागे व्हा, सगळे मागे!" लोक वाद घालत होते. हे एकाएकी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले, आडवे, पाय पसरून, की कोणी चढू नये. लोकांना वाटलं दारुडा आहे. एकाने पायाने ढकललं. हे हलले नाहीत.

पाचपर्यंत दोऱ्या आल्या, पोलीस आले, फळी लागली.

खारू संध्याकाळी फाटकावरून आली, दीड तासाने. चिडलेली. "ऐन वेळेला पूल बंद केलाय मूर्खांनी." ह्यांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, फक्त मला कधी कळलं ते आलं नाही.

खारू म्हणाली, "म्हणजे दीड महिना मी रोज त्याच्यावरून जात होते आणि तू टीव्हीवर रेकॉर्डिंग लावत होतास?"

"मी तुला बसने जा म्हटलं होतं."

"का ते म्हटलं होतंस?"

ह्यांनी रिमोट उलटा करून ठेवला.

"मी पडले असते तर तुला तिन्ही चॅनलवर बघायला मिळाले असते, बाबा."

उठून आत गेली.

१९ एप्रिल, रविवार

चार वाजता ते तीन ठिपके पेटले. लावलेलं होतं, काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. आज हे समोर येऊन बसले. चार ते सात काही नाही. सातला तिन्हींकडे तेच, थोड्याफार फरकाने, की सामन्याच्या तोंडावर पूल बंद करून लोकांचे हाल केले, कोणी निर्णय घेतला त्याचं नाव जाहीर व्हावं. एक म्हातारे गृहस्थ घामाघूम होऊन शिव्या देत होते. बाप पोरांना खांद्यावर घेऊन फाटकावरून वळसा घालत होते.

कोणालाही काही झालं नव्हतं. हे हुंदके देऊन रडले. मी पाठीवर हात ठेवला. घरात जेवायला कोणी बसलं नाही.

२७ एप्रिल, सोमवार

कचेरीचं पत्र आलं. चौकशी होणार आहे. पेन्शनचं काय ते चौकशीनंतर. ह्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून परत पाकिटात ठेवलं. आज पहिल्यांदा चहा न विचारता प्यायले. मला मात्र दारावर टकटक झाली की अजून धस्स होतं.

खालच्या वहिनींनी शिवायला टाकलेल्या दोन पँट न शिवताच परत नेल्या. "घाई नव्हती हो, असू दे," म्हणाल्या.

नव्या तपासनीस बाई येऊन गेल्या. आत आल्या नाहीत. ह्यांनी विचारलं, पडला असता का? त्या म्हणाल्या, "रविवारी पडला असता असं मी लिहिणार नाही. उभा राहिला असता असंही लिहिणार नाही. मला जे दिसलं तेवढं लिहिणार." हे म्हणाले, "बरोबर आहे." आणि त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले.

खारू बापाशी बोलत नाही. मीठसुद्धा माझ्यामार्फत मागते.

३ मे, रविवार

आज खारू माझ्याजवळ येऊन बसली. सुईत दोरा ओवून दिला, मला आता सुईचं भोक लवकर दिसत नाही. म्हणाली, "आई, तू होतीस म्हणून झालं. कळल्या कळल्या त्यांना ओढत घेऊन गेलीस. मला हे लक्षात राहील."

हे दारात होते. ऐकलं त्यांनी. माझ्याकडे बघितलं, मीही बघितलं. मग काही न बोलता आत गेले.

मला वाचवलं त्यांनी. लगेच किती बरं वाटलं मला, तेही लिहून ठेवते. आणि त्यानंतर दिवसभर धडकी भरलेली आहे. आता भिण्यासारखं काय उरलंय? पूल बंद आहे, चौथा खांब कापून काढतायत, यांत्रिक करवतीचा आवाज इथवर येतो. तरी खारू खोलीतून बाहेर आली की माझे हात कामाला लागतात, उगाचच.

६ मे, बुधवार

सांगितलं.

ती कामावरून आली, हात धुतले, पंख्याखाली बसली. मी उभ्यानेच म्हटलं, "खारू, मला शनिवारी नाही कळलं. गुरुवारी दुपारी कळलं."

तिला आधी कळेचना. मग ती मनात दिवस मोजते आहे ते दिसलं मला.

"शुक्रवारी मी गेले होते. शनिवारी सकाळीही."

"हो."

"तू फोन केला होतास. पोचलीस का म्हणून."

"हो."

"डबा दिला होतास."

मी मान हलवली. का, ते सांगायला चार कारणं तयार होती. एकही उचलवेना. नुसतं म्हटलं, "घाबरले होते."

"कशाला? मी जाईन म्हणून, की बाबाचं नाव जाईल म्हणून?"

उत्तर मला ठाऊक आहे. तिला दिलं नाही. इथेही लिहवत नाही.

आतून ह्यांचा आवाज आला, "खारू, तिला मीच..." खारूने त्या दिशेला हात केला, थांब म्हणून. तेही थांबले. पंखा फिरत होता. ती बराच वेळ तिथेच बसून राहिली, उठून गेली नाही, मला वाटलं होतं जाईल.

७ मे, गुरुवार

खारू आठ वाजताच निघाली, बस पकडायला. रोज जाताना मला सांगून जाते, "आई, येते गं," एवढंच, ह्यांना काही नाही. आज मी ओट्याशी होते, हे खुर्चीत पाय लांब करून. ती दारात चपला घालत होती. पट्टा लागेना, वाकून लावला. मग सरळ उभी राहिली. आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीकडे बघत म्हणाली, "येते. उशीर होईल. जेवायला थांबू नका."

नकोस म्हणाली नाही. नका म्हणाली.

एकोणीस दिवसांनी ह्यांच्या वाट्याला तिचा शब्द आला. ह्यांनी "बरं" म्हटलं. मीही म्हटलं. आणि दोघंही गॅलरीत जाऊन उभे राहिलो, बस येईपर्यंत.